कंपायलरचे इशारे कोण तपासतं?

सेमीकोलन विसरलात की कंपायलर ओरडतो. पण तो योग्य ओळीवर, योग्य शब्दांत ओरडतोय ना, हे कोण बघतं? याचा छोटा इतिहास सांगतो, कारण त्यातच माझा पहिला निष्कर्ष बुडाला.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी प्रसिद्ध केला. आपल्या जवळ, पवईच्या आयआयटीत, प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने त्याच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. त्याचा 'टॉर्चर' हा जुना चाचणीसंच मुख्यतः बरोबर प्रोग्रॅम नीट चालतो का, ते पाहतो. चुकीच्या प्रोग्रॅमचं काय? त्यासाठी डेजाग्नू या चाचणी-व्यवस्थेतल्या खास सूचना वापरतात. फाइलमध्ये मुद्दाम चूक करायची आणि त्याच ओळीवर कमेंटमध्ये 'डीजी-एरर' किंवा 'डीजी-वॉर्निंग' लिहून अपेक्षित संदेशाचा नमुना द्यायचा. ओळ चुकली, नापास. शब्द जुळले नाहीत, नापास. एखादा जादा संदेश आला, तरी नापास!

मीरा रोडला घरी बसून मी या कमेंट मोजल्या आणि मार्गदर्शकांना लिहिलं, "वापरकर्त्याला दिसतं ते सगळं तपासलेलं आहे." उत्तर एका ओळीत आलं: "चाचणी चालवताना कंपायलरला कोणते पर्याय देतात, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

२०१३ च्या जीसीसी ४.८ पासून संदेशाखाली मूळ ओळ आणि चुकीच्या जागी छोटा बाण दिसू लागला. जुन्या चाचण्यांची अपेक्षा मात्र जुन्याच छापाची. मग चाचण्यांपुरता बाण आणि रंग बंद ठेवले गेले. म्हणजे तुम्हा-आम्हाला रोज दिसणारा बाण बहुतेक चाचण्यांत उमटतच नाही! तो तपासायला पुढे अनेक ओळींचा छाप ताडून पाहणारी वेगळी सोय करावी लागली. भाषेचंही तसंच. संदेशांचे अनुवाद होतात, पण चाचण्या इंग्रजी संदेशांवरच चालतात.

रस्टने वेगळी वाट धरली. कंपायलर जे छापतो ते जवळपास जसंच्या तसं फाइलमध्ये ठेवायचं आणि दरवेळी ताडायचं. यात बाणही सुटत नाही. पण एक शब्द बदलला की ढीगभर फाइली बदलतात. 'ब्लेस' म्हटलं की त्या सगळ्या एका झटक्यात नव्याने लिहिल्या जातात. बदल कुणी डोळ्यांनी वाचलाच नाही, तर चूकच 'अपेक्षित' होऊन बसते.

माझा निष्कर्ष मी खोडला. आता वाक्य असं आहे: "संदेशाची ओळ आणि शब्द तपासलेले आहेत, मांडणी फार थोड्या ठिकाणी." दावा लहान झाला, पण टिकतो.

तुमचा विषय कोणताही असो, 'पास' मोजण्याआधी चाचणी चालवणारी स्क्रिप्ट उघडा. तिथे काय बंद केलंय आणि का, ते आधी वहीत लिहा. मोजणी त्यानंतर.