ओल टिकली, तेव्हाच नक्षी उमटली

पोटात अन्न पचवणारे पेप्सिन हे एक प्रथिन. १९३० मध्ये अमेरिकेतील जॉन नॉर्थ्रॉप यांनी त्याचे स्फटिक तयार केले. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की अणूंच्या शिस्तबद्ध रांगांमुळे फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. प्रथिनांच्या बाबतीत मात्र फिल्म नुसती धूसर काळवंडायची. प्रथिनांना नेमकी रचनाच नसते, असे मानणाऱ्यांचे त्यामुळे फावले.

१९३४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे जॉन फिलपॉट यांनी पेप्सिनचे मोठे स्फटिक वाढवले. ग्लेन मिलिकन यांनी ते द्रवासकट केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे पोहोचवले. बर्नाल यांनी एक स्फटिक बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बघता बघता त्याची चमक विझली. इथेच त्यांना चूक सापडली. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मे पाणीच असते. हवा लागताच ते उडते आणि आतल्या रांगा कोसळतात. मग त्यांनी स्फटिक मूळ द्रवासह काचेच्या केसासारख्या नळीत घेतले. या वेळी फिल्मवर ठिपके आले!

बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी हे निरीक्षण त्याच वर्षी मे महिन्यात ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे याच डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे नोबेल मिळाले. १९६९ मध्ये त्यांच्या गटाने इन्सुलिनची रचना उलगडली. त्या गटात भारताचे एम. विजयनही होते.

नळीतही अडचणी होत्याच. स्फटिक घसरायचा, किरणांच्या माऱ्याने खराब व्हायचा. म्हणून १९९० नंतर इवल्याशा फाशात थेंबासह स्फटिक उचलून उणे १७३ अंशांच्या आसपास एकदम गोठवण्याची पद्धत रुळली. तिथे पाण्याचा बर्फ झाला तर चित्रात वलये येतात. त्यावर उपाय म्हणून आधी ग्लिसरॉलसारखा पदार्थ मिसळतात. म्हणजे प्रत्येक वेळी स्फटिकाला नव्हे, मांडणीला सुधारावे लागले.

स्फटिक ज्यात वाढतो, त्याला शास्त्रज्ञ ‘मातृद्रव’ म्हणतात. उर्दू-मराठी शिकवताना हा शब्द मला वारंवार आठवतो. घरच्या भाषेतून उचलून परक्या भाषेच्या बाकावर बसवलेले मूल गप्प होते आणि आपण शेरा मारतो, ‘याला काही येत नाही.’ धूसर फिल्म पाहून प्रथिनांवरही असाच शेरा बसला होता. शेरा लिहिण्यापूर्वी एकदा विचारावे, मूल कोरडे पडले आहे का?