दापोडीचा अनाम चित्रकार

पावसाळा भरात आला की जवाहरनगरच्या आसपासच्या कुंपणांवर कळलावी दिसू लागते. उलट्या वळलेल्या पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, टोकाशी लाल. फूल जुने होते तसा पिवळा रंग ओसरत जातो. पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि तो जवळच्या काटकीला विळखा घालतो. अशी वेल कागदावर उतरवणाऱ्यापुढे दोन पेच असतात. ती कोठे तोडायची, आणि रंग कोणत्या दिवसाचा धरायचा? परिपाठ असा, की कळी, उमलते फूल आणि पिकले फूल एकाच फांदीवर दाखवावे. म्हणजे असे चित्र एका क्षणाचे नसतेच. त्यात काही दिवस एकत्र बसवलेले असतात. आम्हांस या चित्रांचे जे आकर्षण आहे ते मुख्यतः यामुळे.

‘होर्तुस मलाबारिकुस’ (१६७८–१६९३) या ग्रंथाच्या सातव्या खंडात हीच वेल ‘मेंदोनी’ या मलबारी नावाने आली आहे. तेथे ती ताम्रपटाच्या काळ्या रेषांत आहे. रंग भरणे हे निराळे काम. मात्र त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे १६७५चे निवेदन नागरी अक्षरांत छापलेले आहे. साह्य करणाऱ्यांची नावे राहिली.

छापील चित्रांत हाताने रंग भरण्याची रीत पुढे फार काळ टिकली. लंडनचे ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझीन’ १७८७ साली निघाले आणि १९४८पर्यंत त्यातील चित्रे हातानेच रंगवली जात. एक नमुना समोर ठेवायचा आणि प्रत्येक प्रतीत तोच हिरवा, तोच लाल उतरवायचा. रेखाटणाऱ्याचे नाव चित्राखाली येई, रंगवणाऱ्यांचे नाही. नाथॅनिएल वॉलिच यांच्या ‘प्लांटी एशियाटिकी रॅरिओरिस’मध्ये (१८३०–३२) कलकत्त्याच्या विष्णुप्रसाद आणि गोराचंद या चित्रकारांची नावे चित्रांखाली आहेत. तेव्हा एतद्देशीय चित्रकाराचे नाव छापण्याची चालच नव्हती, असे म्हणता येत नाही.

म्हणूनच दापोडीचे प्रकरण खटकते. (कोकणातली दापोली नव्हे, पुण्याजवळची दापोडी, इंग्रजी कागदांतली ‘दापुरी’.) गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ साली, तेथे सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली. १८३८पासून ती एडिंबरोस शिकलेल्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून देशी रोपांची, तशीच परदेशातून आणलेल्या शोभेच्या झाडांची सुमारे १७० जलरंगचित्रे करवून घेतली. हा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच नोंदीतून कळते. रोपांची लॅटिन नावे आहेत, बागेचे नाव आहे, साहेबांचे आहे.

डाल्झेल आणि गिब्सन यांचे ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघाले, तेही चित्रांवाचून. चित्रे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये राहिली. हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे ती वाचकांपुढे आली. ग्रंथाच्या नावात गिब्सन आहेत. चित्रकाराचे नाव नॉल्टींनाही देता आले नाही.