आपल्या भिंतींवरचे डाग : पंचवीस वर्षांची एक नोंद

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं, तेव्हा नोंदणी, पाण्याचं कनेक्शन, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स हे विषय आधीच वाटून झाले होते. उरलं काय, तर भिंती. २००१ ते २००४ मी सेक्रेटरी होतो आणि त्या काळातल्या निम्म्या तक्रारी डागांच्याच होत्या. म्हणून तोच विषय घेतला. संपादक हसले. पण लेख पुरा वाचावा, ही विनंती.

डागाचं कारण शोधण्याचा माझा पहिला धडा सोसायटीतला नाही, बँकेतला. १९८६ च्या सुमारास आमच्या शाखेत मॅनेजरसाहेबांच्या केबिनला एसी बसला आणि खाली निळा गालिचा आला. वर्षभरात दाराच्या उंबऱ्याशी आणि भिंतीच्या कडेकडेने गालिच्यावर काळ्या रेघा उमटल्या. ठपका अर्थातच शिपायावर, की झाडत नाही. बिचाऱ्याने साबणाच्या पाण्याने घासघासून त्या रेघा काढल्या, तर महिन्याभरात त्या दुप्पट काळ्या! कारण पुढे गालिचे धुणाऱ्या माणसाने सांगितलं. बंद केबिनमधली हवा दाराखालच्या फटीतून आणि भिंतीच्या कडेच्या सांध्यातून ये-जा करते, आणि तिच्यातली बारीक धूळ, काजळी गालिच्याच्या धाग्यांत अडकते. गालिचा म्हणजे तिथे गाळणीच. वर साबण नीट धुतला गेला नव्हता, त्याच्या चिकटपणामुळे धूळ आणखी धरली. ही मेख कळेपर्यंत शिपायाची बदली झालेली होती.

इमारतीचा ताबा मिळाला १९९९ साली. पहिल्याच हिवाळ्यात तळमजल्याच्या भिंतींवर पांढरी भुकटी फुटली. काही जण म्हणाले बुरशी, काही म्हणाले डिस्टेंपर खराब. खरं तर तो लोणा. वीट, रेती आणि सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. ओळखायची सोपी खूण अशी, की ओलं बोट फिरवलं तर लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. दोन पावसाळ्यांनंतर तो आपसूक कमी झाला. त्यावर आमच्या दोन जनरल बॉडी मीटिंगा खर्ची पडल्या होत्या, हे जाता जाता नमूद करतो.

आता मुख्य गोष्ट. जून २००२ च्या अखेरीस २०२ च्या छताला पिवळट तपकिरी डाग पडला. वर ३०२ चं न्हाणीघर, डाग बरोबर त्याच्याच खाली. दुसऱ्या पुराव्याची गरज कुणाला वाटणार? ३०२ मध्ये नाना राहायचे, निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं. कमिटीने ठराव केला आणि ऑगस्टमध्ये मी सेक्रेटरी म्हणून त्यांना नोटीस दिली : न्हाणीघराची गळती स्वखर्चाने थांबवावी. नाना एवढंच म्हणाले, "आमचं न्हाणीघर कोरडं आहे हो. एकदा येऊन बघा तरी." मी गेलो नाही. बँकेत अर्धवार्षिक हिशेबाचे दिवस जवळ आले होते, आणि खरं सांगायचं तर खात्रीच होती.

दिवाळीआधी त्यांनी न्हाणीघराच्या फरशा उखडल्या, वॉटरप्रूफिंग केलं, नव्या फरशा बसवल्या. पैशांसाठी मुदत ठेव मोडली, तीही माझ्याच शाखेत. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजात किती कपात होईल, ते मीच मोजून सांगितलं आणि व्हाउचरवर मीच सही केली.

जून २००३ मध्ये डाग पुन्हा आला. त्याच जागी, आधीपेक्षा हातभर मोठा.

मग एका परिचित निवृत्त पी.डब्ल्यू.डी. इंजिनिअरांना बोलावलं. आम्हाला वाटलं ते हातोडी मागतील. त्यांनी विचारलं, "डाग कधी ओला होतो आणि कधी सुकतो, हे कुणी लिहून ठेवलंय का?" २०२ च्या वहिनींनी लिहून ठेवलं होतं! त्यांच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी 'छत ओलं', 'छत सुकलं' अशा नोंदी होत्या आणि मागच्या वर्षीचं कालनिर्णयही त्यांनी टाकलं नव्हतं. २००२ च्या जुलैत पावसाने देशभर दडी मारली होती, ते अनेकांना आठवत असेल. त्या महिन्यात छत सुकलेलं होतं. ऑगस्टमध्ये पाऊस परतला, छत पुन्हा ओलं. नानांच्या घरी आंघोळी मात्र रोज होत होत्या. न्हाणीघर गळत असतं तर डागाने जुलैची सुट्टी घेतली नसती.

दुसरा पुरावा डागातच होता. त्याला एकात एक अशा तीन गडद कडा होत्या. पाणी पसरतं तेव्हा विरघळलेला मळ कडेपर्यंत नेतं आणि सुकताना तिथेच सोडतं. एवढ्या कडा म्हणजे डाग पुन्हा पुन्हा भिजून सुकलेला. सततची गळती असती तर छत बाराही महिने दमट राहिलं असतं. हे सगळं नोटीस देण्याच्या दिवशीही आमच्या डोक्यावर होतं, अक्षरशः.

तरी खात्री हवी म्हणून आधी ३०२ च्या न्हाणीघराच्या नहाणीचं तोंड बंद करून रंगीत पाणी दोन दिवस साठवलं. खाली थेंब नाही. मग जानेवारी २००४ मध्ये, कोरड्या दिवसांत, मजूर लावून बाहेरच्या भिंतीवर होजपाइपने पाणी मारलं, एकेक भाग करत, खालून वर. ३०२ च्या बेडरूमच्या खिडकीवरच्या छज्जाशी पाणी मारल्यावर तीनेक तासांनी २०२ च्या छताचा तो भाग गडद झाला. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्याला भेग होती. पाणी तिथून शिरायचं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपाबरोबर आठ-नऊ फूट जायचं आणि नेमकं न्हाणीघराखाली बाहेर पडायचं. बाहेरची भिंत सोसायटीची, म्हणजे दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची. ती आम्ही केली. नानांच्या खर्चाचा विषय मीटिंगमध्ये कुणी काढला नाही. मीही नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्याही मीटर रूममध्ये पाणी शिरलं. तिथली मातकट रेघ पुढे दोनदा रंगकाम झालं तरी मुद्दाम ठेवली आहे. कारणाबद्दल वाद न झालेला आपला हा एकमेव डाग.

डिसेंबर २००६ मध्ये सोसायटीची सहल अजिंठ्याला गेली. गाइडने चित्रांवरचा पिवळट काळपटपणा दाखवला आणि विचारलं, हा कशाचा? कुणी दिव्यांचा धूर म्हणालं, कुणी वटवाघळं. तीही कारणं आहेतच. पण मोठं कारण वेगळं. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या सरकारने १९२० ते १९२२ मध्ये चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी निसटणारे पोपडे पक्के केले, हे उपकारच. पण चित्रांवर लाखेचं वार्निश चढवलं, ते काळाबरोबर पिवळं पडलं आणि धूळ धरून बसलं. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याला ते थर काढत बसावं लागलं. सगळे गंभीर झाले होते. नाना माझ्या शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "इथे वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं वाटतं?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही.

२००९ मध्ये पावसाने ओढ दिली, पाणीकपात झाली आणि आपण बोअर मारली. काही महिन्यांत संडास-बाथरूमच्या पांढऱ्या फरशा तांबूस झाल्या आणि चार घरच्या कामवाल्या बायांना बोलणी बसली. या वेळी मी थांबवलं. बोअरचं स्वच्छ दिसणारं पाणी पांढऱ्या बादलीत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी गंजासारखा गाळ. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागली की असं तांबडं होऊन बसतं. यावर ब्लीचिंग टाकलं तर डाग आणखी पक्का होतो, लिंबू चोळावं. हॉलमधल्या सतरंजीचंही तसंच. केळवणात सांडलेल्या आमटीचा डाग साबण लावताच लाल झाला आणि कुंकू कुणी सांडलं यावर चर्चा सुरू झाली. हळदीला खार लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. घरोघरी माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी कुणाला आठवली नाही. सतरंजी चार दिवस उन्हात टाकली, डाग विटून गेला.

नाना २०११ मध्ये गेले. हा लेख लिहायचा ठरला तेव्हा मी इतिवृत्ताचं जुनं पुस्तक काढलं. ऑगस्ट २००२ चा ठराव माझ्या अक्षरात आहे : '३०२ च्या न्हाणीघरातील गळतीमुळे.' छज्जाच्या दुरुस्तीचा ठरावही आहे, पण त्यात फक्त खर्चाची रक्कम. म्हणजे आपल्या दप्तराप्रमाणे गळती आजही नानांचीच.

मी ३०२ मध्ये गेलो. वहिनींना सगळं सांगितलं आणि त्या वेळचा खर्च परत करण्याचं बोललो. त्या म्हणाल्या, "पैसे राहू देत, भाऊजी. पुस्तकात लिहिलंय ना, तेवढं बदला."

इतिवृत्तात खाडाखोड करता येत नाही. बँकेतही चुकीचं व्हाउचर फाडत नाहीत, उलट नोंद करतात. म्हणून मी विद्यमान कमिटीकडे अर्ज दिला आणि गेल्या मीटिंगमध्ये एकमताने अशी नोंद झाली : '३०२ च्या न्हाणीघरातून कधीही गळती नव्हती. कारण बाहेरील भिंतीची भेग. ऑगस्ट २००२ ची नोटीस चुकीची होती व खर्च सोसायटीने करावयास हवा होता.' खाली अध्यक्ष, सेक्रेटरी आणि मी, अशा तिघांच्या सह्या आहेत. नोंदीची एक प्रत ३०२ मध्ये नेऊन दिली. वहिनींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि नानांच्या फोटोमागे ठेवली.