गांजाचे देशी वाण, महाराष्ट्रातील

निवडून ठेवलेल्या बियांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले कॅनाबिस वनस्पतीचे स्थानिक प्रकार. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले. भारतीय नमुन्यांवरून लामार्कने १७८५ मध्ये ‘इंडिका’ ही वेगळी जाती मानली. मुंबई इलाख्यात लागवड मुख्यतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सातारा जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात होई. लगतच्या मध्य प्रांतात खांडव्याचा गांजा प्रसिद्ध होता. कोकणपट्टीतील मुसळधार पाऊस व दमट हवा या पिकाला मानवणारी नव्हे, त्यामुळे तेथे गांजा येई तो घाटावरचा.

नर व मादी झाडे वेगळी असतात. परागण झाले की मादी झाड बी धरते आणि नशा आणणारी राळ घटते, म्हणून नर झाडे वेळीच उपटून टाकत. खरे कसब नर झाड ओळखण्यात होते. हिवाळ्यात तुरे कापून, ढीग पायांनी तुडवून चपटा गांजा तयार करीत. पराग वाऱ्याने पसरत असल्याने वाण शुद्ध राखणे मुळातच अवघड. विक्रेत्यांनी दिलेली नावे बहुधा वाणाची नसून गावाची असत.

ब्रिटिश सरकारच्या भारतीय भांग आयोगाने (१८९३–९४) संपूर्ण बंदीऐवजी कर व परवान्यांची शिफारस केली. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाचे उत्पादन, विक्री व सेवन गुन्हा ठरले. शेतात वरचेवर पेरले तरच वाण टिकतो. त्यामुळे दख्खनच्या जुन्या वाणांची माहिती आज मुख्यतः आयोगाच्या अहवालातूनच मिळते.