देव जुने, देवळे नवी

आपल्या गोव्यात एखादी वस्तू जपायची म्हणजे बहुतेक वेळा ती हलवावी लागली आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वाळवी आणि त्यात आपला इतिहास! यातून जे वाचले ते कसे वाचले, हे बघण्यासारखे आहे.

सुरुवात देवांपासूनच करावी लागते. १५४० मध्ये तिसवाडीतली आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. त्या धामधुमीत कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. झुआरीच्या अलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून हे जमले. नदी ओलांडून काय येणार? लिंग आणि मूर्ती. खांब, तुळया, कोरीव दारे होड्यांत कुठून मावणार! त्यामुळे फोंड्याकडे देव जुने आणि देवळे नवी अशी गंमत आहे. कवळ्याचे आजचे देऊळ तर शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने उभे राहिले.

सप्तकोटेश्वराला तेवढीही सवड मिळाली नाही. दिवाडीवरचे देऊळ गेले आणि त्याचे लिंग विहिरीच्या बांधकामात गेले, असे परंपरा सांगते. तरी लोक ते ओळखून होते. पुढे ते काढून डिचोली महालातल्या नार्व्याला नेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला. विहिरीत बसवलेला दगड हा कोण, हे सांगणारे कुणी उरले नसते तर तो आज कुठे असता?

ही पाळी पुढे चर्चवरही आली. १८३५ मध्ये गोव्यातल्या धर्मसंघांचे मठ बंद झाले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भाग १९३१ मध्ये. मनोऱ्याचा जो तुकडा आज उभा आहे तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण तिथली घंटा वाचली. १८४१ मध्ये ती आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. पणजीकर आजही ती ऐकतात. फोंतइन्यशच्या सेंट सेबॅस्टियन कपेलातला क्रूसही असाच फिरलेला. मुळात तो इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ मध्ये ती संस्था बंद झाल्यावर तो पणजीच्या आदिलशहा राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये तिथून फोंतइन्यशला.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती व्हाइसरॉयांच्या चित्रांची. द. जुआंव द काश्त्रु याने १५४७ मध्ये ती काढून घ्यायला सुरुवात केली. गास्पार कोरैय याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने ती लाकडी फळ्यांवर रंगवली, आणि पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याची भर पडत गेली. जुन्या गोव्याचा राजवाडा ओस पडला तशी ती पणजीला आली, आणि आता पुरातत्त्व खात्याच्या जुन्या गोव्यातल्या संग्रहालयात आहेत. लाकूड दमट हवेत फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा रंग मात्र तसा हलत नाही, मग तो पोपडे धरतो. उपाय काय केला? वरून पुन्हा रंग! एकदा नव्हे, अनेकदा. मूळ चेहरे त्याखाली दडले. वस्तू शाबूत आणि ओळख मात्र गेली, असा हा प्रकार.

हे सगळे आज आठवायचे कारण आपल्या गावातली बंद घरे. माणसे मुंबईला, आखातात, लिस्बनला. कुलूप चवथीला उघडते, पुन्हा लागते. आत देव्हारा, शिसवी पलंग, समया, आजीची चांदीची भांडी. जाताना घाईघाईने सगळ्यावर प्लास्टिक गुंडाळले जाते, आणि तिथेच घात होतो. प्लास्टिकच्या आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते. लाकडी सामानाला जुने धुतलेले सुती कापड बरे. पाय जमिनीपासून विटेवर उचललेले असावेत आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर जागा सोडावी. चांदी पूर्ण कोरडी करून सुती कापडात ठेवावी. रबरबँड तर मुळीच लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पितळ चिंचेने घासले असेल तर आंबटपणा पूर्ण धुऊन टाकावा. तसबिरी आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. कपड्यांत वेखंड घालायची आपल्या आज्यांची रीत अजूनही चांगलीच.

आणि यादी करावी. आम्हा कारकुनांना यादीचे वेड असते असे घरचे म्हणतात, म्हणोत बापडे. कोणत्या पेटीत काय, कुणाचे, कुठून आले, कोणत्या सणाला निघते, हे एका कागदावर लिहून एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायची आणि दुसरी भावंडांपैकी जो परगावी असेल त्याच्याकडे द्यायची. कागद पेन्सिलीने लिहावा. पावसाळ्याच्या दमट हवेत शाई पसरते, पेन्सिल टिकते.