पोहण्याचा तलाव, घरगुती

पोहण्याचा तलाव, घरगुती : घराच्या आवारात कुटुंबीयांच्या उपयोगासाठी बांधलेला, जलाभेद्य तळ व भिंती असलेला कृत्रिम जलाशय. नदी किंवा जिवंत झऱ्यांची विहीर यांतील पाणी निसर्गतः बदलत राहते. घरगुती तलावातील पाणी मात्र साठलेले असते. ते पंपाने ओढून, गाळून व निर्जंतुक करून पुन्हा तलावात सोडावे लागते. त्यामुळे असा तलाव वापरण्यास योग्य राहील की नाही, हे डोळ्यांना दिसणाऱ्या हौदापेक्षा जमिनीखालील नळ व बाजूच्या खोलीतील यंत्रे यांवर अधिक अवलंबून असते. यंत्रे नादुरुस्त झाली, तर बदलता येतात. पण काँक्रीटखाली पुरलेले नळ तलाव फोडल्याशिवाय बदलता येत नाहीत. या प्रकारच्या तलावाचा इतिहास हा मुख्यतः साठलेले पाणी स्वच्छ राखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

प्राचीन काळ : बांधीव स्नानकुंडाचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उदाहरण सिंधू संस्कृतीतील मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह हे होय. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील हे कुंड सु. १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २.४ मी. खोल आहे. त्याच्या भाजक्या विटा जिप्समयुक्त चुन्यात घट्ट बसविलेल्या असून पाणी झिरपू नये म्हणून भिंतींमागे डांबराचा थर दिला होता. शेजारच्या एका खोलीत विहीर आणि कुंडाच्या एका कोपऱ्यात पाणी बाहेर सोडण्याचा मार्ग आढळतो. पाणी आत घेणे, न झिरपता ते साठविणे व बाहेर सोडणे ही तलावाची तीन मूलभूत अंगे येथे पूर्णत्वास पोहोचलेली दिसतात. तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय मात्र नव्हती.

रोमन लोकांनी जलसेतूंच्या साहाय्याने वाहते पाणी स्नानगृहांपर्यंत आणले. रोम शहरात ऊन पाण्याचा पोहण्याचा तलाव प्रथम मायसीनस याने बांधल्याचे इतिहासकार डायो कॅसियस याने नमूद केले आहे. इंग्लंडमधील बाथ येथील रोमन महाकुंडाच्या तळाला शिशाचे पत्रे बसविलेले आजही पाहावयास मिळतात. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्राँटायनस याने आपल्या ग्रंथात नळांच्या प्रमाणित व्यासांची कोष्टके दिली असून, ठरलेल्या मापापेक्षा मोठे नळ जोडून केल्या जाणाऱ्या पाणीचोरीचेही वर्णन केले आहे. नळाचा व्यास हाच पाण्याच्या वाटपाचा कणा असतो, ही जाणीव त्यामागे दिसते.

भरणे व उपसणे : एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक तलावांत पाणी गाळण्याची सोय क्वचितच असे. ब्रिटनमध्ये १८४६ च्या कायद्याने नगरसंस्थांना सार्वजनिक स्नानगृहे व धुलाईगृहे बांधण्याचा अधिकार मिळाला व त्यांबरोबर पोहण्याचे तलावही वाढले. तलाव ताज्या पाण्याने भरावयाचा, काही दिवस वापरावयाचा आणि पाणी गढूळ झाल्यावर उपसून टाकावयाचा, अशी पद्धत होती. अनेक ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी प्रवेशशुल्क अधिक असे व पाणी जसजसे घाण होई तसतसे ते उतरे. अस्वच्छ पाणी अशा रीतीने गरिबांच्या वाट्यास येई.

धनिकांच्या घरीही तंत्र याहून पुढे गेलेले नव्हते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲशव्हिल येथे जॉर्ज व्हँडरबिल्ट यांचे बिल्टमोर हे निवासस्थान १८९५ मध्ये वापरात आले. त्यातील तळघरात सु. २,६५,००० लि. पाण्याचा, पाणी तापविण्याची व पाण्याखालील दिव्यांची सोय असलेला तलाव आहे. तथापि गाळणी व क्लोरीन यांच्या अभावी तो वारंवार रिकामा करून पुन्हा भरावा लागे. एवढे पाणी व मनुष्यबळ ज्याच्यापाशी आहे, त्यालाच घरी तलाव ठेवणे त्या काळी शक्य होते.

अभिसरण व निर्जंतुकीकरण : विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोन शोधांच्या संयोगाने ही स्थिती पालटली. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी विकसित झालेली वाळूची शीघ्र गाळणी तलावास जोडण्यात येऊन तेच पाणी फिरते ठेवण्याची, म्हणजे अभिसरणाची पद्धत सुरू झाली. दुसरीकडे, १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यास सातत्याने क्लोरीन देण्यास सुरुवात झाली होती. १९१० मध्ये प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात जॉन बंकर यांनी हायपोक्लोराइट वापरून पाणी निर्जंतुक करण्याचे प्रयोग केले.

अभिसरणाची एक मर्यादा १९२० नंतरच्या दशकात गणिताने स्पष्ट झाली. गाळलेले पाणी तलावातील न गाळलेल्या पाण्यात मिसळत असल्याने तलावाच्या घनफळाइतके पाणी एकदा गाळणीतून गेले, तरी प्रत्यक्षात सु. ६३ टक्केच पाणी गाळले जाते. दुसऱ्या फेरीनंतर हे प्रमाण सु. ८६, तिसरीनंतर ९५ व चौथीनंतर ९८ टक्के होते. गेज व बिडवेल यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या १९२६ च्या या नियमामुळे, पाणी दिवसातून किती वेळा फिरवावे, या प्रश्नास निश्चित उत्तर मिळाले व पंप, गाळणी आणि नळ यांची मापे ठरविण्यास आधार लाभला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला आमांशाच्या अमीबांची कवचे पाण्यातून काढून टाकण्यासाठी सुवाह्य गाळणी हवी होती. त्यासाठी डायाटमी मातीचा थर वापरणारी गाळणी तयार करण्यात आली व युद्धानंतर ती तलावांसाठीही वापरली जाऊ लागली. थोड्या जागेत बसणाऱ्या अशा गाळण्यांमुळे घराच्या मागील अंगणात संपूर्ण यंत्रसामग्री मावणे शक्य झाले.

घरगुती तलावांचा प्रसार : तलावाचा हौद स्वस्त होण्यास आणखी एक शोध कारणीभूत झाला. शिकागो येथील एका वस्तुसंग्रहालयात प्राण्यांचे पेंढा भरलेले नमुने तयार करणारे कार्ल एकली यांनी १९०७ च्या सुमारास सिमेंट फवारणारे यंत्र बनविले. सिमेंट व वाळू यांचे कोरडे मिश्रण दाबयुक्त हवेने नळीतून फेकून तोंडाशी त्यात पाणी मिसळणारी ही पद्धत गनाइट नावाने प्रसिद्ध झाली. खड्ड्यात पोलादी सळयांची जाळी विणून तीवर हा फवारा मारला म्हणजे साच्याशिवाय हव्या त्या आकाराचा हौद तयार होतो. टॉमस चर्च यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथील डॉनेल उद्यानात १९४८ मध्ये रचलेला वक्राकार तलाव या नव्या शैलीचा आदर्श ठरला.

अमेरिकेत १९५० मध्ये जमिनीत बांधलेले तलाव असलेली कुटुंबे सु. २,५०० होती, १९९९ पर्यंत ती सु. ४० लाख झाली. या वाढीस केवळ तंत्र व समृद्धी कारणीभूत नव्हती. पोलिओच्या साथींमुळे सार्वजनिक तलावांविषयी भीती पसरली होती. शिवाय कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावांत प्रवेश देण्याचे आदेश न्यायालये देऊ लागल्यावर अनेक नगरांनी तलाव बंद केले वा विकून टाकले आणि गोरे नागरिक खाजगी तलावांकडे वळले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन नगराने आपले तलाव बंद केल्याविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यात १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नगराची कृती वैध ठरविली. अंगणातील तलावाच्या सुखामागे अशा रीतीने शेजाऱ्याबरोबर एका पाण्यात न उतरण्याची वृत्तीही काही अंशी होती.

यंत्रसामग्रीची निवड : रूढ मांडणीत पाण्याच्या पृष्ठभागावरील पाने व तेलकट मळ ओढून घेणारा स्किमर आणि तळाच्या जाळ्या यांतून पाणी पंपाकडे येते. पंपापूर्वीच्या टोपलीत केस व कचरा अडतो. पंपानंतर गाळणी, नंतर असल्यास तापक व सर्वांत शेवटी क्लोरीन मिसळण्याचे साधन असते. क्लोरीनयुक्त तीव्र द्रव तापकातून गेल्यास धातू गंजतो, म्हणून हा क्रम पाळणे अगत्याचे असते. शेवटी भिंतींतील तोट्यांमधून पाणी तलावात परतते. या तोट्यांची दिशा अशी ठेवतात, की कोपऱ्यांतील पाणीही फिरते राहावे.

घरगुती तलावात सर्व पाणी साधारणपणे ८ ते १२ तासांत एकदा फिरावे, असे धरतात. उदा., ८ मी. लांब, ४ मी. रुंद व सरासरी १.४ मी. खोल तलावात सु. ४५ घ. मी., म्हणजे ४५,००० लि. पाणी मावते. ते ८ तासांत फिरविण्यास ताशी सु. ५.६ घ. मी. प्रवाह लागतो. वाळूच्या गाळणीतून पाण्याचा वेग ताशी ३० मी. धरल्यास सु. ५० सेंमी. व्यासाची गाळणी पुरते. पंपाची निवड सर्वांत शेवटी, हा प्रवाह व मार्गातील एकूण विरोध यांवरून करावयाची असते. प्रत्यक्षात पुष्कळदा मोठ्या अश्वशक्तीचा पंप आधी घेतला जातो. त्यामुळे वाळूतून मळ पुढे ढकलला जातो, विजेचा व्यय वाढतो आणि तळाच्या जाळीवरील ओढ धोकादायक होते.

गाळण्यांपैकी वाळूची गाळणी टिकाऊ व सोपी असते. पण ती साफ करण्यासाठी पाणी उलट दिशेने सोडून वाया घालवावे लागते. घड्या घातलेल्या कापडी नळकांड्याची गाळणी अधिक बारीक कण अडविते आणि ती बाहेर काढून धुता येते. पाणी दुर्मिळ असेल, तेथे ती सोयीची ठरते. डायाटमी मातीची गाळणी सर्वांत बारीक कण अडविते, मात्र तिची निगा अधिक ठेवावी लागते.

नळव्यवस्था : प्रारंभी तांब्याचे व जस्तलेपित पोलादी नळ वापरीत. पाण्याचे पीएच मूल्य उतरले, की ते गंजत. पुढे पीव्हीसी नळांनी त्यांची जागा घेतली. हे नळ गंजत नाहीत, आतून गुळगुळीत असतात व द्रावणाने सांधता येतात. वर दिलेल्या उदाहरणात आतील व्यास ३८ मिमी. असल्यास पाण्याचा वेग सेकंदास सु. १.४ मी. व ५० मिमी. असल्यास सु. ०.८ मी. होतो. दोन्ही वेग मान्य मर्यादेत आहेत. तथापि घर्षणाने होणारी दाबाची हानी लहान नळात जवळजवळ चौपट असते. नळ घेताना वाचलेले थोडे पैसे पुढे तलाव असेपर्यंत विजेच्या देयकात भरावे लागतात. काटकोनी वळणे कमी ठेवणे, पंप तलावाजवळ बसविणे आणि हौदाचे काँक्रीट फवारण्यापूर्वी नळांत दाबाखाली पाणी भरून गळती तपासणे या गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या ठरतात.

सुरक्षितता : चुकीच्या नळव्यवस्थेचा सर्वांत दुःखद परिणाम तळाच्या जाळीशी होतो. पंपास जोडलेले एकच तोंड असेल व ते शरीराने झाकले गेले, तर तेथे आंशिक निर्वात निर्माण होतो. २० सेंमी. व्यासाच्या तोंडावर वातावरणाच्या दाबाच्या निम्मा फरक पडला, तरी सु. १६० किग्रॅ. भाराइतकी ओढ निर्माण होते. ती सोडविणे प्रौढासही कठीण असते. जून २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी ऊन पाण्याच्या कुंडातील अशाच तोंडाशी अडकून बुडाली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिच्या आईने केलेल्या प्रयत्नांमुळे डिसेंबर २००७ मध्ये तिच्या नावाचा कायदा संमत झाला व सुरक्षित जाळ्या बंधनकारक झाल्या. एकमेकांपासून किमान ९० सेंमी. अंतरावर दोन तोंडे ठेवून ती एकाच नळास जोडणे, हा सोपा उपाय बांधकामाच्या वेळीच योजावा लागतो. लहान मुलांसाठी तलावाभोवती कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक हेही तितकेच आवश्यक असते.

अलीकडील प्रगती : ऑस्ट्रेलियात १९७० नंतरच्या दशकात, पाण्यात थोडे मीठ विरघळवून विद्युत् विच्छेदनाने जागेवरच क्लोरीन निर्माण करणारी साधने प्रचारात आली. अशा तलावातही निर्जंतुकीकरण क्लोरीननेच होते. दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शॉव्हिए यांनी १९७४ मध्ये पंपाच्या ओढीवर तळ झाडणारे स्वयंचलित साधन तयार केले. २००० नंतर गती बदलता येणारे पंप पुढे आले. पंपाची गती निम्मी केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण शक्तिव्यय तत्त्वतः एक-अष्टमांशावर येतो. त्यामुळे दुप्पट वेळ चालवूनही तेवढेच पाणी सु. एक-चतुर्थांश ऊर्जेत फिरते. अमेरिकेत तलावांच्या पंपांसाठी कार्यक्षमतेची राष्ट्रीय मानके जुलै २०२१ पासून लागू झाली. मोठ्या व्यासाच्या नळांवर अशा पंपांचा लाभ विशेष होतो.

भारतातील स्थिती : भारतात तलावातील पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक ३३२८ उपलब्ध आहे. महाराष्ट्रात लोणावळा, अलिबाग इ. ठिकाणच्या बंगल्यांतून घरगुती तलाव आढळतात. येथील हवामानात तापकाची गरज सहसा पडत नाही. परंतु प्रखर उन्हाने क्लोरीन लवकर नाश पावतो, म्हणून सायन्यूरिक अम्लासारखा स्थिरक मर्यादित प्रमाणात वापरतात. कूपनलिकेच्या कठीण पाण्याने नळांत व तापकांत क्षारांचे थर बसतात. पावसाळ्यात गढूळ पाणी तलावात येऊ नये, म्हणून काठास बाहेरच्या बाजूस उतार व अतिरिक्त पाण्याचा निचरा द्यावा लागतो. उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागणाऱ्या गावांच्या परिसरात तलाव उपसून पुन्हा भरणे समर्थनीय ठरत नाही. एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे वापरता यावे अशी गाळणी व नळव्यवस्था प्रारंभीच योजणे, ही येथे पोहणाऱ्यांच्या आरोग्याइतकीच पाण्याच्या बचतीचीही गरज आहे.