चिठ्ठी आधी शेतात पडली

वेबसाइटवर येणाऱ्या निम्म्या लोकांना एक पान दाखवायचं, निम्म्यांना दुसरं, आणि कोणत्या पानावरून खरेदी जास्त होते ते पाहायचं, ही ‘ए/बी टेस्टिंग’. तिचं मूळ सांगणारे बहुधा जाहिरातवाल्यांपाशी थांबतात. अमेरिकेतला क्लॉड हॉपकिन्स जाहिरातीत खुणेची कुपनं छापायचा, कोणत्या जाहिरातीची किती परत आली ते मोजायचा. १९२३ साली त्याचं ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ आलं. हे नातं खोटं नाही, पण चुलत घराण्याचं आहे. मूळ पुरुष इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतात सापडतो.

तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाच्या लांब पट्ट्यांवर खतांचे प्रयोग चालले होते. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला रासायनिक, एकाला काहीच नाही. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाला तेव्हा नोंदींचा ढीग होता, पण प्रत्येक खताच्या वाट्याला एकच पट्टा आलेला. मग पीक वाढलं ते खतामुळे की मुळातल्या जमिनीच्या कसामुळे? नोंदी कितीही वर्षांच्या असोत, हा गुंता त्यांनी सुटत नव्हता. फिशरने तोडगा काढला: वाफे लहान करा, एकच खत अनेक वाफ्यांना द्या आणि कोणत्या वाफ्याला कोणतं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठीला कसदार जमीन ओळखता येत नाही, म्हणूनच तिच्यावर भरवसा. १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मध्ये त्याने हा विचार सविस्तर मांडला. आपल्याकडे तो शेतीच्या अभ्यासकांपर्यंत नेणारं पानसे-सुखात्मे यांचं पुस्तक १९५४ मध्ये आलं.

वेबसाइटवाल्यांनी हाच रस्ता पुन्हा तुडवला. आधी आली मोजणी. सर्व्हरच्या नोंदी चाळून किती जण आले, कुठून आले हे सांगणाऱ्या प्रणाली निघाल्या. त्यांतली ‘अर्चिन’ गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘गूगल ॲनालिटिक्स’ सुरू केलं. लिंकच्या शेपटीत आजही दिसणारं ‘यूटीएम’ म्हणजे ‘अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल’. विकल्या गेलेल्या कंपनीचं नाव असं मागे राहिलं. काम मात्र हॉपकिन्सच्या कुपनावरच्या खुणेचंच. पण दिवाळीत विक्री वाढली ती नव्या पानामुळे की दिवाळीमुळे, हे खूण सांगू शकत नाही. त्यासाठी एकाच दिवशी आलेल्या लोकांत चिठ्ठी टाकावी लागते.

यावर कुणी म्हणेल, हॉपकिन्सही तुलनाच करत होता. करत होता, पण वेगळी वर्तमानपत्रं किंवा वेगळी गावं म्हणजे पुन्हा ब्रॉडबॉकचे पट्टेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चिठ्ठी टाकूनही फसगत होते. गूगलने २७ फेब्रुवारी २००० रोजी केलेल्या पहिल्या चाचणीत काही जणांना शोधाचे दहाऐवजी वीस, पंचवीस, तीस निकाल दाखवले. ती पानं उघडायलाच उशीर होऊ लागला आणि आकडे कोसळले. एका बदलाच्या पाठीवर बसून दुसरा आत आला होता. शेतकरी याला खतातून आलेलं तण म्हणेल. शिवाय गव्हाला संमती विचारावी लागत नाही. फेसबुकने २०१२ मध्ये ६,८९,००३ जणांच्या न्यूजफीडमधल्या भावना कमी-जास्त करून पाहिल्या आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर गदारोळ झाला तो याच मुद्द्यावर.

तरीही हे आक्षेप वंशावळ खोडत नाहीत. वारसा घेताना शेतातलं काय मागे राहिलं, ते दाखवतात. मला त्यातली सर्वांत मोठी उणीव सुगीची वाटते. गव्हाचं उत्पन्न कापणीशिवाय कळत नाही, म्हणून शेतातल्या प्रयोगाला थांबावंच लागतं. वेबसाइटचा आकडा तासातासाला पडद्यावर येतो. आपल्या आवडीचं पान जरा पुढे दिसलं की चाचणी थांबवून विजय जाहीर करण्याचा मोह होतो, आणि असं डोकावत राहिलं की निव्वळ योगायोगालाही पीक समजण्याची शक्यता वाढत जाते. म्हणून जाणकार किती लोकांवर चाचणी करायची ते आधीच ठरवून घेतात, म्हणजे कापणीची तारीख कागदावर लिहून ठेवतात.